दिवसा जळणारी लाईट

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला गेला की आमच्या सिरसाळा-परळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. आधी एखादी, मग दोन-चार, मग रांगच लागते. टपरीवाल्यांची चंगळ होते. शाळेतून परतणारी पोरं चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसतात आणि ड्रायव्हरच्या शिव्या खात पळतात. रस्त्यावर चिपाडं पडलेली, हवेत जाळलेल्या पाचटाचा वास. मी परळीत एका औषधाच्या दुकानात काम करते. माहेर सिरसाळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. ह्या दिवसांत स्कूटीवरून माहेरी जायचं मी टाळते. ट्रॉल्यांचं मी एक वेळ सोसते. सोसत नाही ते लोकांचं हात दाखवणं.

आमच्या रस्त्यांची ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. अलीकडच्या दुचाक्यांना पुढच्या लाईटचं बटनच नसतं. इंजिन सुरू झालं की लाईट लागते, बंद झालं की विझते. समोरच्याला गाडी दिसावी म्हणून केलेली ही सोय. पण भर उन्हात जळणारी लाईट आमच्या लोकांना बघवत नाही. समोरून येणारा माणूस, ओळखीचा असो की नसो, हात वर करतो आणि पाची बोटं मिटतो-उघडतो, मिटतो-उघडतो. म्हणजे, तुमची लाईट चालू राहिलीय. बैलगाडीवाला करतो. डोक्यावर सरपण घेतलेली बाई एक हात मोकळा करून करते. एस.टी.च्या खिडकीतलं लेकरूसुद्धा करतं. ह्यात कुणाला काही मिळायचं नसतं, निव्वळ माणुसकी. परवा एका म्हाताऱ्याने तर मला आडवं होऊन थांबवलं आणि बॅटरी उतरेल म्हणून समजावलं. ही लाईट बंद होत नसते, असं मी सांगितलं, तर शिकलेल्या बाईला साधं बटन सापडेना अशा नजरेने तो बघत राहिला. मी हसले. पुढे जाऊन एका बाभळीखाली गाडी लावली आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. ह्या माणुसकीचा मला राग येतो, आणि राग आल्याची लाजही वाटते.

सोमनाथ माझा धाकटा भाऊ. घरात सगळे सोम्या म्हणायचे. त्या हंगामात त्याला कारखान्यात चिटबॉयचं काम लागलं होतं. चिटबॉय म्हणजे कुणाच्या फडात कधी तोड लागणार, कोणती टोळी कुठे जाणार, ह्याच्या चिठ्ठ्या घेऊन दिवसभर शिवार पालथं घालणारा माणूस. पगार बेताचा, पण मान मोठा. ऊस वेळेवर तुटावा म्हणून मोठमोठे बागायतदार चिटबॉयला दादा-बाबा करतात. कालपर्यंत ज्याला पारावर कुणी सरकून जागा देत नव्हतं, त्याला ओट्यावर खुर्ची मिळायला लागली. मी चिडवायचे, म्हणायचे, सोम्या, तुझी मान आखडेल एक दिवस. तो मान खरंच आखडल्यासारखी करून दाखवायचा. माय त्याला "माझा सायेब" म्हणायची आणि डब्यात भाकरी जास्तीची बांधायची. कामासाठी गाडी हवीच होती, म्हणून नवी कोरी काळी मोटारसायकल घेतलेली. गाडी दारात आली त्या दिवशी मायने तिला ओवाळलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, आता लिंबाचा रस सीटवर उडू देऊ नका.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सिरसाळ्याच्या बाजारात मापाडी. उभा जन्म दुसऱ्याचं धान्य तोलण्यात गेला. मूठभर दाणे हातात घ्यायचे, फुंकायचे, नाकाशी न्यायचे आणि सांगायचे की हे सोयाबीन कधी निघालं, पावसात भिजलं का, थप्पीत दबलं का. वायफळ गेलेलं काहीही त्यांना सहन होत नाही. नळ ठिबकला तर रात्रीचे उठतील. सगळी माणसं एका खोलीत बसलेली असताना दुसऱ्या खोलीत दिवा जळत असेल तर जेवणावरून उठून तो बंद करून येतील. आम्ही त्यांना हसायचो. अशा माणसाला सोम्याच्या गाडीवर मागे बसून बाजारात जायची वेळ आली, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस हात वर करून बोटं मिटायला लागला.

पौष महिन्यातल्या एका दिवेलागणीला सोम्या गेला. त्या वेळचा उजेड फसवा असतो. आकाशात अजून दिवस असतो आणि झाडांखाली अंधार धरलेला असतो, त्यात पाचटाचा धूर जमिनीलगत पसरलेला. दोन रिकाम्या ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर एका फडाच्या वाटेवरून डांबरी रस्त्यावर चढत होता. सोम्या घराकडे येत होता. ट्रॅक्टर चालवणारं पोरगं शिरूर कासारकडचं, सोम्याच्याच वयाचं. ते रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसलं होतं आणि येईल त्याला एकच सांगत होतं, "गाडीला लाईट न्हवती, मला दिसलंच न्हाई."

पुढे तेच वाक्य गावभर झालं. भेटायला आलेली माणसं अंगणात बसायची, तंबाखू मळायची आणि हळू आवाजात बोलायची. हळू आवाज सगळ्यात लांब ऐकू जातो. पोरगं घेत होतं का? मोबाईलवर बोलत होतं का? हल्लीची पोरं, वाऱ्यावर असतात. एका पाहुण्याला मी सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही होता का तिथे? त्याने टोपी सारखी केली. नंतर मावशीने मला आत ओढून नेलं, पाहुण्यांशी असं बोलू नये म्हणाली. मला त्या दिवसांत कुणाचंही तोंड बघावंसं वाटत नव्हतं.

आणि माय रडली नाही. लोकांना वाटलं, धक्का बसलाय, रडवा तिला. पण तो धक्का नव्हता, तो राग होता, आणि तो सोम्यावरच होता. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती तेच विचारायची, "दिवेलागण झालेली दिसंना का त्याला? लाईट लावाया काय लागतंय? एक बोट लागतंय." कुणी त्याचं कौतुक काढलं तर माय उठून चुलीकडे जायची. माझ्या नवऱ्याने त्याचा फोटो मोठा करून फ्रेम करून आणला, तो तिने भिंतीवर लावू दिला नाही, कपड्यांच्या पेटीत घातला. स्वतःच्या हाताने मेला, म्हणायची. आई मेलेल्या लेकावर अशी रागावू शकते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते ऐकणं त्याच्या जाण्याइतकंच जड जायचं.

सोम्याला जिथे टेकवलं होतं तिथे दिवा लावलेला. खाली पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातलेली. सकाळी बायकांनी टोपली उचलून पीठ बघितलं, कुणाला पाखराची नखं दिसली, कुणाला काहीच नाही. हा दिवा दहा दिवस विझू द्यायचा नसतो, दिवसासुद्धा. त्यात तेल घालायचं काम मी घेतलं होतं. अण्णा त्याच खोलीत असायचे, पण दिव्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. दुपारी उन्हाचा पट्टा दारातून आत यायचा आणि दिव्याची ज्योत दिसेनाशी व्हायची. एकदा मी वाकून बघत होते की विझली की काय, तर अण्णा पाठमोरेच म्हणाले, जळतीय, मला वास येतोय. माणूस दुःखात कसाही बसतो, असं मी तेव्हा धरून चालले.

दहावं-तेरावं उरकल्यावर अण्णा पहिल्यांदा बोलले ते गाडीबद्दल. लाईट होतीच, ते म्हणाले, वाटेत बंद पडली असणार. नवीन गाड्यांमध्ये वायरी बारीक असतात, काहीतरी फाल्ट झाला असणार. पोलिसांकडून गाडी सुटून आली की खाजाभाईकडून तपासून घ्यायची. ट्रॅक्टरवाल्या पोराला त्यांनी एका शब्दाने शिवी दिली नाही. चुलते त्याच्या नावाने बोटं मोडायला लागले की अण्णा म्हणायचे, ते पोरगं खोटं बोलत न्हाई, त्याला दिसलंच नसंल. मी त्याला चांगुलपणा समजले. मायला ते रोज संध्याकाळी सांगायचे, फाल्ट निघू दे, मग बोल. माय म्हणायची, निघू द्या. सगळं घर त्या एका बिघाडाची वाट बघत बसलं होतं. तो सापडला तर सोम्याची सुटका होती.

खाजाभाईंचं दुकान सिरसाळ्यात, पत्र्याची एक खोली आणि पुढे लिंबाची सावली. गाड्यांच्या वायरिंगचं काम आमच्या भागात त्यांच्यासारखं कुणी करत नाही. अण्णांची आणि त्यांची दोस्ती जुनी, ईदेचा शिरखुर्मा आमच्याकडे आणि पुरणपोळी त्यांच्याकडे असा रिवाज. टेम्पोतून गाडी त्यांच्या दारात उतरवली तेव्हा त्यांनी तिच्यावर हात ठेवला. पुढच्या रविवारी गेलो तर हात लागला नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी ट्रॅक्टरच्या लाईटींची गर्दी होती. मग म्हणाले, मीटर बिघडलाय. मला चीड आली. माझा बाप रोज येऊन बाकड्यावर बसतो, आणि ह्यांना एक गाडी तपासायला वेळ नाही! शेवटी एका रविवारी बाजारात तुरीची आवक वाढली आणि अण्णांना मापावर जावं लागलं. मी एकटीच दुकानात गेले आणि सरळ म्हणाले, चाचा, आज माझ्यासमोर बघा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अण्णा कुठे आहेत ते विचारलं आणि हत्यारांची पेटी ओढली.

विजेचा बिघाड शोधताना मी कुणाला पहिल्यांदाच एवढं जवळून बघत होते. त्यांच्याकडे मीटर होता आणि तो उत्तम चालत होता. पण त्यांचा विश्वास टेस्टलॅम्पवर. टेस्टलॅम्प म्हणजे जुन्या इंडिकेटरचा एक बल्ब आणि त्याला डकवलेल्या दोन वायरी. एक टोक गाडीच्या लोखंडाला लावायचं, दुसरं जिथे संशय तिथे टेकवायचं. बल्ब लागला तर करंट तिथवर आला, नाही लागला तर बिघाड मागे राहिला. बॅटरीपासून निघायचं आणि पुढच्या लाईटपर्यंत चालत जायचं, मधलं एकही ठिकाण वगळायचं नाही. आधी फ्यूज, मग चावीचं कुलूप, मग हँडलच्या मानेतून जाणारा वायरींचा जुडगा. तिथे ते हँडल डावीकडे-उजवीकडे वळवून बघत होते, कारण रोजच्या वळण्याने तिथली वायर आतून तुटते आणि वरून चांगली दिसते. हँडल वाकडं झालं होतं, त्यामुळे ते अडत होतं. कपलर, म्हणजे वायरींचे जोड, त्यांनी एकेक उपसले. आत बारीक करडी भुकटी होती. परळीच्या वीज केंद्राची राख, ते म्हणाले, ह्या भागातल्या अर्ध्या गाड्या हिच्यापायी बंद पडतात. मला वाटलं, सापडला बिघाड. पण त्यांनी ब्रश फिरवायच्या आधीच टेस्टलॅम्प टेकवून दाखवला. राखेतूनही बल्ब स्वच्छ लागला.

पुढची काच फुटली होती, आतला बल्ब शाबूत होता. इंजिन सुरू होण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या बॅटरीचा करंट बाहेरून दिला. लाईट लागली नाही. मी म्हणाले, बघा! माझ्या तोंडावर हसू आलं असणार, कारण ते माझ्याकडे बघून खाली बघायला लागले. मग त्यांनी हँडलच्या डाव्या बाजूला, आरशाच्या दांड्याखाली बसवलेलं एक छोटं काळं बटन अंगठ्याने दाबलं. लाईट लागली. मोडलेल्या, चेपलेल्या, चिखल वाळलेल्या त्या गाडीची लाईट भर दुपारी लख्ख लागली. त्यांनी बटन परत दाबलं, विझली. परत दाबलं, लागली.

"गाडीला फाल्ट न्हाई, बेटी," ते म्हणाले. "बटन बंद व्हतं."

कुणाचा हात लागला असेल, मी म्हणाले, उचलताना, टेम्पोत घालताना. लागला असंल, ते म्हणाले, आणि परत म्हणाले, लागला असंल. लहान मुलाच्या बोलण्याला हो म्हणतात तसं. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्या डोक्यात उजेड पडला की ह्या गाड्यांना तर बटन नसतं. हे बटन आलं कुठून?

खाजाभाईंनी तेही सांगितलं, हातातली पकड खाली ठेवून सांगितलं. दिवाळी होऊन हंगाम नुकता लागला होता. अण्णा आणि सोम्या दोघं गाडीवर आले होते. रस्त्याने लोकांनी हात दाखवून दाखवून अण्णांना हैराण केलं होतं. अण्णा म्हणाले, हिला बटन बसवा. खाजाभाईंनी समजावलं की ह्याने बॅटरी उतरत नाही, गाडी चालू असताना ती भरतच असते. अण्णांना ते पटलं नाही. ते म्हणाले होते, "दिवसा दिवा कुणाच्या घरात जळतो, खाजाभाई? मेल्याच्या उशाला जळतो. माझ्या पोराच्या म्होरं नगं." सोम्या हसत उभा होता. त्याने विचारलं होतं की सांजच्याला लावायची इसरलो तर? आणि अण्णा म्हणाले होते, इसराया तू काय ल्हान हायेस का.

"बसवलं मीच," खाजाभाई म्हणाले. "लई बसवतो आमी असे. हर गाडीला."

हात दाखवणारी माणसं चांगली होती. अण्णा चांगले होते, पोराच्या पुढ्यात अशुभ नको म्हणून धडपडत होते. खाजाभाईंनी दोस्ताचा शब्द मोडला नाही. ट्रॅक्टरवाल्या पोराला खरंच दिसलं नव्हतं. आणि सोम्या, दिवसभर फडाफडातून भटकून भुकेला होऊन घराकडे निघालेला, आकाशात अजून उजेड आहे असं समजून दोन मिनिटं उशीर करत होता. ह्यात वाईट माणूस शोधायला गेलं तर एकही सापडत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. कुणीतरी दारू प्यायलेलं असतं, कुणीतरी हरामखोर असतं तर मी सुखाने शिव्या दिल्या असत्या.

आता खाजाभाई कुणाच्याच गाडीला बटन बसवत नाहीत. पोरं येतात, मागतात, तर म्हणतात, संपलेत. गेल्या हंगामातही संपले होते, ह्या हंगामातही संपलेत. पोरं पलीकडच्या दुकानात जातात आणि चहा होईस्तोवर बसवून घेतात.

त्या दुपारी आम्ही दोघं लिंबाखाली बसलो. अण्णांना काय सांगायचं? मला फक्त माय दिसत होती, भाकरी थापताना स्वतःशी बोलणारी, एक बोट लागतंय, एक बोट. खाजाभाई उठले. त्यांनी ते बटन उपसून काढलं आणि भंगाराच्या डब्यात टाकलं. जिथे ते जोडलं होतं तिथल्या वायरी जोडून वर टेप गुंडाळली. मग पुढच्या लाईटकडे जाणारी वायर वीतभर कापून काढली आणि तिची दोन टोकं सरळ बॅटरीवर धरली. वायर क्षणात लाल झाली, वरचं प्लास्टिक फुगून काळं पडलं, धूर निघाला. ती त्यांनी मातीत टाकली. "उभा जन्म फाल्ट काढले," ते म्हणाले, "घातला कदी न्हवता." मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. मला ते बरोबर वाटलं आणि आजही वाटतं.

अण्णा आले तेव्हा त्यांच्या टोपीवर आणि भुवयांवर तुरीचा भुसा होता. खाजाभाई एरवी शब्द मोजून बोलणारे, पण त्या दिवशी भडाभडा बोलले. मानेजवळ वायर घासली, शॉर्ट झाली, जळाली, लाईट अचानक गेली, त्यात पोरगं काय करणार, कुणाच्या बी गाडीला व्हतंय. आणि ती वायर त्यांनी पुढे केली. अण्णांनी ती तळहातावर घेतली. उलटीपालटी केली. मग, सवयीने असेल, दाण्यांची मूठ नेतात तशी नाकाशी नेली.

"आजचा वास हाय," ते म्हणाले.

खाजाभाई पकड पुसत राहिले.

"बटन कुठं गेलं?"

"कोणतं बटन?"

"म्या बसवाया लावलतं ते."

रस्त्यावरून एक भरलेली ट्रॉली गेली. अण्णा बाकड्यावर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि वायरीकडे बघत म्हणाले, "मला एवढंच बघायचं व्हतं, खाजाभाई, का बटन चालू आसताना वायर गेली का. तेवढी एक आस व्हती." मग माझ्याकडे वळून विचारलं, तुला कळलं? मी मान हलवली. ते म्हणाले, मायला सांगू नको. माझ्याच्याने रडू आवरलं नाही, पण ते रडले नाहीत. त्यांनी ती वायर रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवली आणि खाजाभाईंच्या खांद्यावर हात ठेवून उठले. दहा दिवस ते त्या दिव्याकडे पाठ करून का बसत होते, हे मला त्या वेळी समजलं.

सोम्याचा फोटो आता भिंतीवर आहे. माय रोज त्याच्यावरची राख पुसते, कारण वारा फिरला की परळीची राख तिथवर जाते. ती त्याच्याशी बोलते, कुणाचा ऊस तुटला, कुणाचा राहिला ते सांगते. लोकांना वाटतं, काळ जातो तसं दुःख निवतं. पण तो फोटो काळाने लावला नाही. तो त्या रविवारी संध्याकाळी लागला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा माय ओसरीवर तूर पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि ती जळकी वायर तिच्या हातावर ठेवली. मी दारातच थांबले. त्यांनी खाजाभाईंचंच सगळं सांगितलं, पण सावकाश, पाठ केल्यासारखं. लाईट लागलेली होती. त्याने लावली होती. ही वायर आतून जळाली आणि लाईट गेली, त्याला कळायच्या आत गेली. "सोम्याची चूक न्हवती," ते म्हणाले. "त्याची कायबी चूक न्हवती."

माय त्या वायरीकडे बघत राहिली. बोटाने तिचं काळं पडलेलं प्लास्टिक चाचपलं. "एवढीच?" ती म्हणाली. आणि मग तिचा चेहरा वाकडा झाला. "आन मी माझ्या लेकराला काय काय बोलले," असं काहीतरी ती म्हणत होती, पुढचं समजलं नाही. एवढ्या दिवसांचं रडणं ते, घशातून नव्हे, पोटातून येत होतं. शेजारच्या बायका धावत आल्या आणि अंगणाच्या कडेला थबकल्या. मी तिला धरलं. तिने वायर मुठीत आवळून धरली होती आणि ती मूठ ती जमिनीवर आपटत होती. अण्णा समोर उभे होते, हात दोन्ही बाजूंना सोडून.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज परत आला. तिने डोळे पुसले नाहीत, मूठ वर केली आणि आभाळाकडे बघून म्हणाली, "ज्यानं कुनी ही गाडीला बसवली, त्याचं कदी भलं व्हायचं न्हाई."

अण्णा तिच्याशेजारी खाली बसले.

"न्हाई व्हायचं," ते म्हणाले.